खिशातली कडी

आधीच सांगून टाकतो, मी भुतांना मानत नाही. मशीनला मानतो... तेही चालू असेपर्यंत!

परभणीतल्या एका छोट्या खाजगी लॅबमध्ये मी जीसी-एमएस चालवतो. धान्या-मसाल्यात फवारणीचं औषध उतरलंय का, ते हे यंत्र सांगतं. पण आधी त्याच्या आतली हवा पंपानं पार ओढून काढावी लागते. कुठं बारीक गळती असली, की व्हॅक्यूम बसत नाही आणि यंत्र तोंड उघडत नाही.

त्या दिवशी सकाळीच मी यंत्रातली बारीक नळी, म्हणजे कॉलम, बदलून तिचा जोड बसवला होता. राणीसावरगावच्या कौशल्यामावशी हळदीचा नमुना देऊन बाकावर बसल्या होत्या. बिनफवारणीची त्यांची पहिलीच हळद. अख्खं गाव हसलं होतं. रिपोर्ट स्वच्छ आला तरच मानवतचा व्यापारी माल घेणार, आणि त्याची गाडी संध्याकाळी निघणार.

आणि व्हॅक्यूम बसेना! सगळे जोड तपासले, आवळले – सकाळी मी स्वतः बसवलेला सोडून. आपल्या हातची चूक कशी असेल?

"शास्त्रज्ञ, पंपाला शिव्या देऊन झाल्या असतील तर नारळ आणू का?" – माझा सहकारी सिद्धार्थ.

मावशी म्हणाल्या, "सायेब, दमलंय ते. सकाळधरनं तुमी त्याला आवळायलाव. जरा बसू द्या की!"

तिघंही चहाला गेलो. परत येऊन बघतो तर प्रेशर अगदी हवं तिथं! "बघितला का हातगुण?" म्हणून मी मिरवून घेतलं. नमुना लावला, त्याच्या आधी आणि नंतर स्टँडर्डही, म्हणजे मोजून औषध घातलेला पडताळणीचा नमुनाही लावला, सगळं चोख. हळद एकदम स्वच्छ. मावशी रिपोर्ट घेऊन स्टँडकडं जवळजवळ पळाल्याच.

मग पेन काढायला खिशात हात घातला... आणि हाताला फेरूल लागली. फेरूल म्हणजे डाळीएवढी काळी कडी. नटाच्या आत बसून हवा अडवते ती तीच. लॅबमध्ये शेवटची एकच उरली होती. हरवू नये म्हणून मी सकाळी खिशात... असो.

सिद्धार्थनं यंत्र बंद करून सकाळच्या जोडाचा नट खोलला. आत काही नाही!

"मग दुपारभर हवा अडवली कशानं?" तो म्हणाला. "तुझ्या अकलेनं तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी मुद्दाम फेरूलशिवाय पंप चालवला. व्हॅक्यूम काही केल्या बसलं नाही. मग फेरूल घालून मावशींचा उरलेला नमुना पुन्हा लावला – पुन्हा स्वच्छ. म्हणजे रिपोर्ट खरा होता!

माल विकल्यावर मावशी हळदीची पुडी घेऊन आल्या, तेव्हा त्यांना सगळं खरं सांगितलं. "मग? मी म्हणलं न्हवतं का, बसू द्या म्हणून?" एवढंच बोलल्या.

माझ्याकडं आजही स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडं असलं तर जरूर लिहा... फक्त 'फेरूल विसरत जाऊ नका' एवढं सांगू नका. ते सिद्धार्थ रोज सकाळी माझा खिसा चाचपून सांगतो.