दोनातोचे सोमवार

दोनातोने एका माणसाचा पाय मोडला होता. हे मीच आधी सांगते, म्हणजे कॉमेंटमध्ये कुणाला सांगायचे कष्ट नकोत.

काल आमच्या सॉकर-पालकांच्या ग्रुपवर एक जुनी क्लिप आली. ब्लॅक अँड व्हाइट, काही सेकंदांची. चिखलातून एक डिफेंडर घसरत येतो, समोरचा पोरगा हवेत उडतो आणि उठत नाही.

खाली कुणीतरी लिहिलं, "हा प्लेअर नाही, खाटीक आहे." त्यावर भराभर हसरे चेहरे.

त्या खाटकाने मला चार वर्षं फुटबॉल शिकवला. आज त्याची पुण्यतिथी आहे. तेव्हा क्लिप संपल्यानंतरचं मी सांगते.

2004. अर्विंग, अमेरिका.
मी पंचविशीची, डिपेंडंट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. दुकानात दुसऱ्याची कार्ट माझ्या पायावरून गेली तरी सॉरी मीच म्हणायचे.

एका शनिवारी खालच्या मजल्यावरची नागपूरची शलाका दारात.
"चल ना गं, आमच्या टीममध्ये एक बाई कमी पडून राह्यली. तू फक्त उभी राहा."
"अगं, मला शाळेत खो-खोतसुद्धा लिंबूटिंबू ठेवायचे!"
"इथं सगळ्याच लिंबूटिंबू आहेत. बूट घाल."

पार्कात दोनातो उभा होता. साठीचा, बुटका, नाक दोनदा मोडलेलं. इटलीत बारा वर्षं डिफेंडर. किती वेळा मैदानाबाहेर काढलं ते अभिमानाने सांगायचा, आणि दर वेळी आकडा वाढायचा.

पुढे अमेरिकेत परदेशी खेळाडू आणायची लाट आली तेव्हा तो इकडे आला. लीग बुडाली, तो राहिला. आठवडाभर लोकांच्या बाथरूममध्ये टाइल्स बसवायचा आणि शनिवारी आम्हा बायकांवर ओरडायचा.

इटलीत कोचला "मिस्टर" म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. नवऱ्याला "आमचे मिस्टर" म्हणणं मी तेव्हापासून सोडलं.

पहिल्याच मॅचमध्ये एक उंच बाई बॉल घेऊन माझ्यावर आली. मी पाय घातला. बॉल राहिला बाजूला, पाय तिच्या पायाला लागला.

आणि मी नमस्काराला वाकले.

ती कधीच पुढे पळाली होती. माझा हात हवेला लागून छातीशी आला. मागे गोल झाला.

"काय करून राह्यली तू?" शलाका किंचाळली. "मॅच आहे, हळदीकुंकू नाही!"

दोनातो हाफटाइमला माझ्यापाशी आला. "तुझं नाणं पडलं होतं का?"

मी समजावलं. आमच्यात कुणाला पाय लागला की नमस्कार करतात. लहानपणापासून. हात आपोआप जातो.

मला वाटलं, आता हसेल.
हसला नाही. म्हणाला, "कशासाठी? बॉल काढायला टॅकल केलं म्हणून, की पाय लागला म्हणून?"
"पाय लागला म्हणून."
"गुड. टॅकलसाठी कधीच नाही. आणि नमस्कार शिट्टीनंतर."

तो असं का म्हणाला, ते मला कॉलिंग कार्डांमुळे कळलं.

सांगलीला आईशी बोलायला मी इंडियन ग्रोसरीतून फोनची कार्डं आणायचे. एक कार्ड त्याच्यासाठीही आणायला लागले. सोमवारी सकाळी नऊला तो आमच्या अपार्टमेंटच्या बाकावर यायचा, कार्ड खरवडायचा, नंबर फिरवायचा. समोरून "हॅलो" यायचं. हा म्हणायचा, "दोनातो."
आणि फोन कट.

पलीकडे असायचा क्लिपमधला पोरगा. त्या दिवसानंतर तो मोठ्या मैदानावर कधीच खेळला नाही.

खेळत होता तेव्हा दोनातोचा नियम होता. रविवारी मॅच, आणि ज्याला लागलं असेल त्याला सोमवारी फोन. बाकीच्यांचे सोमवार संपले. याचा संपला नाही. आधी त्या पोराची आई फोन ठेवायची, मग तो स्वतः. तीसेक वर्षं.

मी एकदा न राहवून म्हटलं, "मिस्टर, टॅकल चुकलं असं म्हणून टाका ना. कदाचित बोलेल."

त्याने बाकावर मूठ आपटली. "बॉल माझा होता! मी बॉलवर गेलो. हे मी मरेपर्यंत सांगणार."
मग हळूच, "पण पाय त्याचा होता."

सीझनच्या शेवटच्या मॅचला ती उंच बाई पुन्हा माझ्यावर आली. मी घसरत गेले. बॉल मला मिळाला, ती पडली. माझा हात शिवशिवला. मी वाकले नाही. बॉल लांब मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा सॉरी न म्हणता उभी राहिले.

शिट्टी झाल्यावर तिच्याकडे गेले, तिच्या पायाला हात लावून नमस्कार केला.
"हनी, काही हरवलं का तुझं?" ती घाबरून म्हणाली.
बाहेरून दोनातो ओरडला, "नाऊ! नाऊ इज ओके!"

2008. हॉस्पिटल. सोमवार.
त्याला फोन धरवत नव्हता, बोलवत तर नव्हतंच. त्याने डोळ्यांनीच कार्डाकडे खूण केली. मी नंबर फिरवला. तिकडून "हॅलो" आलं. मी म्हटलं, "दोनातो," आणि फोन त्याच्या कानाशी धरला.

दोनातो नुसता श्वास घेत होता. मोठा, घरघरणारा.

कट झाला नाही.

पलीकडचा माणूस काहीच बोलला नाही. पण त्याने फोन ठेवला नाही. खूप वेळ. शेवटी कार्डातली बाई इंग्लिशमध्ये म्हणाली, एक मिनिट शिल्लक आहे. तेही मिनिट दोघांनी तसंच काढलं.

गुरुवारी तो गेला.

माफ केलं का, मला माहीत नाही. ते त्या दोघांचं. पण हे तुमच्या क्लिपमध्ये नाही, म्हणून इथे लिहिलं. त्याला खाटीक म्हणायचं असेल तर आधी तीस वर्षं दर सोमवारी एखाद्याला फोन करून दाखवा. आणि हो, बॉल त्याचाच होता. क्लिप थांबवून थांबवून पाहिलीय मी.

ही पोस्ट डिलीट करणार नाही. सॉरीही म्हणणार नाही.

मिस्टर, शिट्टी झालीय.
आता वाकते. नमस्कार.