रूथबाईंची प्रार्थना

आज साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात कार्बोलिक साबणासारखा वास आला आणि मला स्कॉटलंडजवळचं ते छोटंसं बेट आठवलं. वादळामुळे फेरीबोट बंद होती आणि मला कळा सुरू झाल्या होत्या. बेटावरच्या मिशनरी कुटुंबातल्या रूथबाईंनी मला आपल्या घरातल्या एका खोलीत नेलं. त्यांच्या सासूबाईंनी गावातली कितीतरी बाळंतपणं त्याच खोलीत केली होती.

त्याच वासाच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुताना रूथबाई प्रार्थना पुटपुटू लागल्या. मी घाबरून म्हणाले, "मला धर्म बदलायचा नाही हं!"

त्या हसल्या. "अगं, ही तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे."

दुपारी माझी लेक जन्मली. पुढे कधीतरी त्यांच्या पत्रातून कळलं, सासूबाईंच्या माघारी त्यांनी एकटीनं केलेलं ते पहिलंच बाळंतपण होतं. तेव्हा कळलं असतं, तर माझा धीरच सुटला असता. आपली भीती त्यांनी मला दिसू दिली नाही, यासाठी आजही हात जोडावेसे वाटतात.