मनुका कोणी भिजवल्या?

अन्याय झाला तो आमच्या पाळकसाहेबांवर. कधी झाला तेही सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी ‘आम्ही तिथे नव्हतो’ म्हणायला नको. गेल्या साली ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, सकाळची उपासना संपून सगळे चर्चच्या अंगणात चिंचेखाली उभे होते तेव्हा. हातातल्या झावळ्या अजून कुणी खाली ठेवल्या नव्हत्या.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू. बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, माती देतात, आणि संसारीही असतात. त्यांची बायको ती पाळकीणबाई. मंडळी म्हणजे चर्चची सगळी माणसं. तुम्ही चारचौघांत आपल्या बायकोला म्हणता ती नव्हे. आमची ठाण्याची मंडळी लहानशी, सगळे एकमेकांचे सोयरे. एकाला शिंक आली की दुसऱ्याच्या चुलीवर काढा चढतो. ही झाली चांगली बाजू.

त्या रविवारी शेवटचं गीत झालं आणि पाळकसाहेब म्हणाले, “मी पाळकपण सोडतो आहे. ईस्टरचं प्रभुभोजन हे माझ्या हातचं शेवटचं. कारण कृपा करून विचारू नका.” आशीर्वाद दिला आणि खाली उतरले.

कारण विचारू नका! ठाण्याच्या माणसाला असं सांगायचं? चिंचेखाली पोचेपर्यंत कारण तयार झालेलं. कारण होतं मनुकांचा रस.

प्रभुभोजनात आम्ही भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घेतो. पण या दारूबंदीच्या राज्यात द्राक्षारस आणायचा कुठून? म्हणून आमच्याकडे काळ्या मनुका भिजवायच्या, वाटायच्या, उकळायच्या, गाळायच्या, आणि तो रस इवल्याशा काचेच्या प्याल्यांतून द्यायचा. मार्चच्या पहिल्या रविवारी त्या रसाला काहीतरी झालं. मी प्याला तोंडाला लावला तर जिभेला मुंग्या आल्या आणि घशाखाली ऊब उतरत गेली. शेजारी माझी आत्या डोळे मिटून बसलेली. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्या दिवशी मंडळीने शेवटचं गीत असं काही दणक्यात म्हटलं की पेटीवाला मागे पडला. गुडघ्यांच्या नावाने रडणाऱ्या एक आजीबाई कुणाचा हात न धरता पायऱ्या उतरल्या. कळलं सगळ्यांना, बोललं कुणी नाही. बोलणार कसं? बोललं तर आपणही प्यायलो हे कबूल करायला लागलं असतं.

आता पाळकसाहेबच पायउतार होताहेत म्हटल्यावर तोंडं उघडली. पहिलं तोंड उघडलं ते पंचांनी. हे मंडळीच्या कारभाऱ्यांतले वडीलधारे, सरकारी कचेरीत मोठे कारकून, भर उन्हाळ्यात कोटाची बटणं गळ्यापर्यंत.

“मी म्हणतच होतो,” पंच म्हणाले. “हल्ली घरात कुणाला घेत नाहीत. दारातूनच ‘सलाम, सलाम’ करून वाटेला लावतात. का? आत काय आहे?”

“पाळकीणबाई आजारी आहेत ना,” मी म्हणाले.

“बाईंचं नेहमीचं डोकं दुखणं. त्यासाठी दार लावून घेतात का कुणी? आणि कोपरीच्या रस्त्याने कागदात गुंडाळून बाटली आणताना मी स्वतः पाहिलंय त्यांना.”

“तेलाची असेल.”

“तेल लपवून आणतात का गं?”

“अगं बाई!” आत्या म्हणाली. तिला एवढं पुरे होतं.

आत्याची सोयरीक कल्याणपर्यंत आणि सोयऱ्यांची सोयरीक डोंबिवलीपर्यंत. बातमी कल्याणला पोचली तेव्हा पाळकांच्या मोरीत भट्टी लागलेली होती. डोंबिवलीला पोचेपर्यंत त्या भट्टीवर पोलिसांची धाड पडली. पाळकांनी घाईघाईने बरणी विहिरीत उपडी केली, आणि ते पाणी पिऊन एक म्हैस झिंगत झिंगत थेट स्टेशनात शिरली. डोंबिवलीहून ही गोष्ट आमच्या घरी परत आली तेव्हा आत्याने ती नव्याने ऐकली. “म्हैस?” ती म्हणाली. “कुणाची म्हैस?”

आमच्या शेजारचे काका जुने मिठागरवाले. दारूबंदी लागल्यापासून त्यांचा चेहरा कायम उपाशी. त्यांनी मला कुंपणावरून हटकलं, “काय गो पोरी, तुमच्या देवलान असा रस भेटतं न् मना नाय सांगलंस?”

मीही हसले. पण सोमवारी कळलं की पंचांनी शनिवारी कारभाऱ्यांची बैठक बोलावलीय. ईस्टरच्या प्रभुभोजनाला कल्याणचे पाळक आणायचे, आणि आमच्या पाळकसाहेबांनी मागच्या बाकावर बसायचं, असं ठरवायला. ज्या माणसाने आमच्या निम्म्या मंडळीच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, त्याने शेवटच्या दिवशी मेजाजवळ उभंही राहायचं नाही! तेव्हा माझं डोकं फिरलं.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. मराठी राज्यासाठी खोपटच्या भिंतींवर कोपरापर्यंत खळ माखून मी फिरलेली आहे. बसले आणि मथळा लिहिला: ‘ठाण्याच्या ख्रिस्ती मंडळीस जाहीर सवाल!!!’ खाली लिहायला वस्तुस्थिती तेवढी हवी होती. ती आणायला मंगळवारी दुपारी पाळकांच्या घरी गेले.

पुढचं दार ठोठावलं. पाळकसाहेब फटीतून म्हणाले, “सलाम, बेटा. नंतर ये हं.” दार लागलं. पण सभाबंदी असली तरी सभा घ्यायची, असं ज्यांनी मला शिकवलं त्यांनी मागच्या दाराबद्दलही शिकवलेलं आहे. मी वळसा घालून मागे गेले.

आत खाटेवर बाई होत्या. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. उजवा हात दुसऱ्या कुणाचा तरी विसरून राहावा तसा चादरीवर पडलेला. खिडकीत वैद्याच्या तेलाची बाटली, अजून अर्धी वर्तमानपत्रात. पाळकसाहेब बाह्या सरसावून बादलीत चादर पिळत होते. मला पाहून त्यांच्या हातातून चादर सुटली.

फेब्रुवारीत बाईंना अर्धांगाचा झटका आलेला. आमच्या मंडळीतल्या झाडून सगळ्या बायकांना ज्या बाईंनी गायला शिकवलं, त्यांची जीभ जड झालेली. आपलं हे तोंड कुणी बघू नये एवढीच त्यांची इच्छा.

“दोन्ही जमत नाही मला,” पाळकसाहेब म्हणाले. “रविवारचा संदेश लिहायला बसलो की ही तहानलेली राहते, आणि मागताही येत नाही तिला.”

“आणि मनुका?” मी विचारलं.

“मीच भिजवल्या. हिने खुणा करून सगळं सांगितलं. भिजवा, कळलं. वाटा, तेही कळलं. मग हिने डावा हात असा खालून वर, खालून वर नेला.” त्यांनी बोटं नाचवत हात वर नेऊन दाखवला. “मला वाटलं, देवाची स्तुती करा म्हणते आहे.”

“मग?”

“मग मी बरणीपुढे उभा राहून एक स्तुतिगीत म्हटलं आणि झाकण लावलं.”

बाईंनी कपाळाला हात लावला. डावा. ती खालून वरची खूण उकळी फुटण्याची होती.

मी हसायचं की रडायचं ते न कळून म्हणाले, “साहेब, हे मी छापते. उद्याच्या उद्या.”

“नाही.”

“लोक तुम्हाला दारुडा म्हणताहेत!”

“मला म्हणताहेत ना? हिच्याकडे कुणी बघत तर नाही ना?” आणि त्यांनी माझ्याकडून कुणाला सांगणार नाही असं वचन घेतलं. खाटेवरून बाई माझ्याकडे अशा बघत होत्या की मला ते देणं भाग पडलं.

झालं. खरी गोष्ट हातात, आणि तोंडाला कुलूप. पत्रकवाल्याला याहून मोठी शिक्षा सरकारनेही अजून शोधलेली नाही. पत्रक चुलीत घातलं आणि बुधवारी आत्याच्या घरी गेले. ती भिजवलेले वाल सोलत बसलेली. मी समोर बसले.

“आत्या, ईस्टरच्या मनुका कोण भिजवणार?”

“पाळकीणबाई. दुसरं कोण?”

“मार्चमध्ये त्यांनीच भिजवल्या?”

“मग काय! इतकी वर्षं त्याच तर...” आत्याचा हात थांबला. “बाईंच्या हातचा रस कधी फसफसला नाही गं.”

मी गप्प. मी गप्प बसले की आमच्या घरात ताप बघतात. आत्याने माझ्याकडे नीट पाहिलं.

“बाईंनी नाही भिजवल्या.”

मी एक वाल उचलला.

“घरात असून भिजवल्या नाहीत. म्हणजे उठता येत नाही. दारात कुणाला उभं करत नाहीत. कागदात बाटली...” आत्या ताडकन उठली, वाल घरभर झाले. “आई गं! मालिशचं तेल! हात गेला की पाय?”

“मी काही सांगितलेलं नाही हं.”

“तू काय सांगणार? तुला वाल तरी सोलता येतो का? सगळा चिरडलास!”

पदर खोचून ती निघाली. मी मागोमाग. मागच्या दाराने ती न विचारता आत शिरली तेव्हा बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आत्या खाटेवर टेकली.

“बाई, इकडे बघा. वाकडंच झालंय ना तोंड? आमच्या ह्यांचं तर जन्मापासून वाकडं होतं. केला ना मी संसार?”

भिंतीकडून एक आवाज आला. मला वाटलं रडल्या. पण बाई वळल्या तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा हसत होता, आणि तेवढा अर्धाही आम्ही फेब्रुवारीपासून पाहिला नव्हता.

आत्याने त्यांची वेणी घातली, पेज भरवली, चादर बदलली. मग म्हणाली, “आता लोकांना सांगू का? तिकडे डोंबिवलीत तुमची म्हैस मोकाट सुटलीय. मीच सोडली, मलाच बांधायला हवी.” बाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

ज्या वाटेने भट्टी गेलेली त्याच वाटेने आता तेल गेलं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पाळकांच्या मागच्या अंगणात बायकांची रांग लागलेली. कुणी पेज, कुणी जुनी मऊ लुगडी, कुणी नुसतीच बडबड. पाळकसाहेबांना चादर पिळू देईनात. ते बिचारे स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे कोपऱ्यात उभे.

शनिवारच्या बैठकीत आत्या बोलावल्याशिवाय गेली. मीही. तिथे बायका जात नाहीत.

“रस उकळला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा,” आत्या म्हणाली. “पंच, तुम्ही जन्मात घरी चहा तरी उकळलाय?”

“पण ती बाटली...”

“अर्धांगाच्या तेलाची. हवी तर घोटभर घेऊन बघा.”

पंचांनी चष्मा काढला. तो पुसत हळूच म्हणाले, “बाई एवढ्या आजारी. आम्हाला सांगायला हवं होतं त्यांनी.”

“तुम्ही आत जायला हवं होतं!” हे मी. माझ्याने राहवेना. “दार लागलं म्हणून बाहेर भट्टी लावलीत!”

पंच चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाईंना खुर्चीतून चर्चमध्ये आणलं तेव्हा खुर्चीची एक बाजू त्यांनी धरलेली, आणि कोटाची वरची दोन बटणं उघडी होती. हेही लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिते.

ईस्टरचं प्रभुभोजन पाळकसाहेबांच्याच हातून झालं. रस आत्याने केला, सणसणीत उकळून. पहिला घोट घेऊन पाळकसाहेब क्षणभर थांबले. सगळी मंडळी आत्याकडे वळली. आत्याने रसात वेलची घातलेली! शेवटच्या गीताला बाईही गायल्या. शब्द वाकडे आले, सूर अगदी सरळ.

आता पाळकसाहेब आणि बाई चर्चचं घर सोडून कोपरीला राहतात, आमच्या शेजारच्या काकांच्या मोकळ्या खोलीत. काकांनी आपण होऊन निरोप धाडलेला, “पालकबाबांना बोल, आमची खोली खाली हाय.” काका अजून कधीकधी बाईंच्या बरणीत डोकावतात आणि उसासा टाकतात. बाई थोडं बोलू लागल्यात. हे लिहायची परवानगी मागितली तर म्हणाल्या, “लिही. पण तोंड वाकडं झालं असंच लिही. ‘चेहरा कोमेजला’ असलं काही लिहिलंस तर बघ.”

माझा राग मात्र गेलेला नाही. पाळकांनी काम सोडलं तेव्हा तीन गावं बोंबलली. पाळकीणबाईंचं काम तर फेब्रुवारीतच सुटलं होतं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, म्हणून त्या गेल्याचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते जिभेला मुंग्या आल्या तेव्हा, आणि तेव्हाही आपण वाईट तेच बोललो.

नवे पाळक आलेत. त्यांची बायको माझ्याच वयाची, इथे कुणाला ओळखत नाही. परवा शनिवारी पाहिलं, एकटीच ताटात मनुका निवडत बसलेली. तुम्ही आमच्या मंडळीतले असाल तर येत्या शनिवारी तिच्याकडे जा. पुढचं दार लावलेलं असलं तर मागच्याने जा. तिच्या हातातलं ताट घ्या आणि निवडायला बसा. गप्पा कुणाच्या मारायच्या त्या खुशाल मारा, पण आधी पातेलं चुलीवर चढवा.