पाहुण्यांचा गॅस

आमच्या घरी गॅस आला तो शेणाचा. सोलापुरात बड्या लोकांकडं सिलिंडर आलेत असं ऐकून होतो, पण मैंदर्गीच्या पलीकडं आमच्या वाडीत सिलिंडर कोण आणतंय? गोबर गॅस मात्र आला. तालुक्याच्या साहेबांनी परसात विहिरीसारखा खड्डा खणून घेतला, तो बांधून काढला, त्यात शेणकाला भरला आणि वर लोखंडी टाकी पालथी घातली. गॅस साठला की टाकी वर यायची, जाळला की खाली बसायची. टाकीपासून एक नळी थेट स्वयंपाकघरात आणि तिच्या टोकाला शेगडी. एवढंच ते. पण गावात असा गाजावाजा झाला, जशी काही आमच्या परसात रेल्वेच आली.

हे सगळं अव्वासाठी होतं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळेच ते विसरले. अव्वा म्हणजे माझी आई. तिला दमा होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, तोंडावर सांगितलं, "हिला धुरापासून लांब ठेवा. धुरात बसली तर माझ्या औषधाचा काडीचा उपयोग नाही." गोबर गॅसचं कानावर आलं तसं वाडीत सगळ्यात आधी त्यांनीच नाव दिलं. माणूस वाईट नव्हता. आजही मी तसंच म्हणते, आणि म्हणताना मला चीड येते.

शेगडी पहिल्यांदा पेटली तेव्हा अव्वा त्या निळ्या जाळाकडं बघतच बसली. "धूरच न्हाय की गं!" एवढंच म्हणाली. मग भाकऱ्या थापता थापता माझ्याशी बोलत राहिली, माहेरच्या गोष्टी, मावशीच्या लग्नातली फजिती, काय काय. भाकरी करताना अव्वा बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं. तोवर मी तिला चुलीपुढं फक्त खोकतानाच ऐकलं होतं.

पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, आमच्याकडं ते नऊ दिवस संपेचनात. रोज कोणी ना कोणी गॅस बघायला दारात. साहेब जीपमधून माणसं आणायचे. सीमेपलीकडच्या कानडी गावांतून लोक बैलगाड्या जुंपून यायचे. अप्पा पटका बांधून उंबऱ्यात उभे, "बर्री, बर्री, चहा कुडीरी!" या, या, चहा प्या म्हणून. आणि चहा अर्थातच गॅसवरचा. लोक कप नाकाशी नेऊन आधी हुंगायचे. "शेणाचा वास न्हाय की वो!" हे ऐकलं की अप्पांना कोण आनंद! "घ्या, आणखी अर्धा कप घ्या." बायका आत येऊन शेगडीभोवती बसायच्या. "पुन्ना एकदा इझवा की, पुन्ना पेटवा की."

संध्याकाळी भाकरीची वेळ झाली की टाकी तळाला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. आमच्या बैलजोडीचं, दोन म्हशींचं आणि एका गाईचं शेण ते किती? अव्वा निमूट उठायची आणि चूल पेटवायची.

त्यातली मेख कुणी बघितलीच नाही. पूर्वी चुलीत गोवऱ्या असायच्या, त्या आपल्या संथ जळायच्या. आता सगळं शेण खड्ड्यात जायचं, गोवऱ्या थापायला शेण होतं कुठं? मग चुलीत तुराट्या, ओली बाभूळ, हाताला लागेल ते. गॅस आल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात आधी कधी नव्हता एवढा धूर होऊ लागला.

मी अप्पांना म्हटलं, "पाहुण्यांचा चहा चुलीवर करू की. भाकरी तरी गॅसवर होईल."

"येडी हायस का? गॅस बघायला आलेल्या माणसाला चुलीवरचा च्या देऊ? साहेबांची मान खाली जाईल."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

तर अव्वाच मला दटावू लागली, "गप बस गं. माणसं लई लांबनं येत्यात." खोटं कशाला बोलू, तिलाही मिरवायला आवडायचं. बायका तिला म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई!" आणि ती खोकता खोकता हसायची.

थंडीत गॅस कमी धरतो. सुगीला अजून वेळ होता, लोक मोकळे होते, पाहुणे वाढले. पौषात एका संध्याकाळी चुलीपुढंच अव्वाचा श्वास अडकला. तवा उतरवून मी तिची पाठ चोळत बसले. अप्पा बैल जुंपायला धावले. गाडी दारात आली तोवर सगळं संपलं होतं. तव्यावरची भाकरी अर्धी भाजलेली होती. ती मी म्हशीला घातली.

मला रडू आलं नाही. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मी त्यांची पाठ थोपटायची. माती झाली, माणसं पांगली. दुखाच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारून पिठलं-भाकरी यायची, ती मी सगळ्यांना वाढायची. शेजारची काकू म्हणाली, "च्या तरी गॅसवर करा की. गॅस म्हंजी काय चूल न्हवं." दुसरी म्हणाली, "जाळ तो जाळच." दोघींची चांगलीच जुंपली. मी मध्ये बसून ऐकत होते. चूल आहे की नाही, याचं मला काही वाटत नव्हतं. कशाचंच वाटत नव्हतं. शेवटी चहाही शेजारूनच आला.

पण गुरांना काय त्याचं? शेण पडतच होतं. अप्पा सकाळी उठून गुमान शेण कालवायचे आणि खड्ड्यात सोडायचे. पाहुणे नाहीत, चहा नाही, भाकरी नाही. टाकी वर येत गेली. एवढी वर आली की कडेनं गॅसचे बुडबुडे फुटायला लागले. तेवढी भरलेली मी ती कधीच पाहिली नव्हती.

आणि जीप आली. साहेबांना काही कळलेलं नव्हतं. बरोबर एक म्हातारी, तिची सून आणि गावची चार माणसं. वाटलं, आता अप्पा सांगतील. अप्पा उठले, पटका बांधला आणि त्यांना परसात घेऊन गेले. मग आत आणलं. साहेबांनी सवयीनं स्वतःच चावी फिरवून काडी लावली. भपकन मोठा जाळ झाला. म्हातारी दोन पावलं मागं सरली. चहाचं मात्र अप्पांनी कुणाला विचारलं नाही.

म्हातारी म्हणाली, "एवढा ग्यास घराला पुरतोय का वो?"

अप्पांनी चावी फिरवून जाळ बारीक केला. मग म्हणाले, "आता पुरतोय."

साहेबांनी समाधानानं मान डोलावली. म्हातारीनं सुनेला कोपरानं ढोसलं, "ऐकलंस का? पुरतोय म्हणत्यात."