थर्माकोलच्या भिंतींत आईला ठेवायचं? म्हैसूरला केलेली एक चौकशी

म्हैसूरला जाऊन राजवाडा न बघता परत आलेली माणसं फार नसतील. मी आले. मी गेलेच होते भिंती बघायला.

झालं असं, की माझा धाकटा भाऊ सुहास नोकरीमुळे बरीच वर्षं म्हैसूरला आहे. हूटगळ्ळीत त्याचं घर आहे. यंदा त्याने गच्चीवर आईसाठी खोली बांधली आणि फोनवर सहज बोलून गेला, "ताई, भिंती थर्माकोलच्या आहेत बरं का." ज्याचं आपण गणपतीला मखर करायचो, तो थर्माकोल! मी म्हटलं, आईला राहायचंय की विसर्जन करायचंय?

पण प्रश्न थट्टेचा नव्हता. आई तेव्हा माझ्याकडे सोलापुरात असायची, आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि मागच्या मे महिन्यात ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. तेव्हापासून सुहासचं एकच पालुपद, आईला कायमची इकडे पाठव. खोली पसंत पडली तर आई तिथे राहणार, नाही तर माझ्याबरोबर परत येणार, असं ठरलं. मी परतीची दोन तिकिटं काढून ठेवली.

सोलापूरहून म्हैसूरला थेट गाडी आहे. जेवणाचा डबा घरूनच न्या, खालचा बर्थ आधी पकडा. स्टेशनवरून हूटगळ्ळीला सिटी बस जाते, पण सामान आणि आई दोन्ही बरोबर असतील तर रिक्षा बरी. मीटरचं आधी बोलून घ्या. वाटेत एका साध्या हॉटेलात लोण्याचा गोळा घातलेला डोसा खाल्ला. तो इतका चांगला होता की तेवढ्यापुरता माझा संशय मऊ पडला.

घरी पोचल्या पोचल्या वर गेले. खोली दिसायला चारचौघींसारखीच होती. मी भिंतीवर टकटक केलं. आवाज भरीव आला. खिडकीची चौकट तेवढी नेहमीपेक्षा खोल वाटली. सुहास समजावत होता, "मधे थर्माकोलचा जाड गाभा, दोन्ही अंगांना तारेची जाळी, वरून सिमेंटचा थर. छतही तसंच. वजन कमी, म्हणून जुन्या घरावर चढवता आलं. ऊन आत येत नाही."

"आणि आग?" मी विचारलं.

"सिमेंट आहे ना वरून."

त्याच्या "आहे ना"वर माझा लहानपणापासून विश्वास नाही. गच्चीच्या कोपऱ्यात उरलेले तुकडे पडले होते. त्यातला एक उचलून मी खाली गॅसवर धरला. तो आक्रसून वितळला, काळा धूर निघाला आणि माझी भावजय रेखा किंचाळत आली. "ताई, अहो, दूध तापवायची शेगडी आहे ती!"

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराला बोलावलं. तरुण, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. गोड बोलणाऱ्याला मी आधीच दोन गुण कमी देते. हिंदीत म्हणाला, "मॅडम, उघडा राहिला तर जळणारच. म्हणून आम्ही कुठेही उघडा ठेवत नाही." मी मोबाइलचा टॉर्च लावून खोली हिंडले. बाथरूममध्ये पाइपाच्या मागे हाताएवढी जागा पांढरीफटक उघडी दिसली. मी नुसता टॉर्च धरून उभी राहिले. त्याने मान खाली घातली आणि त्याच दिवशी माणूस पाठवून ती बुजवून घेतली. तुम्ही असं घर बांधणार असाल तर पाइप, वायर, खिडक्या जिथे भिंत फोडून जातात तिथे आधी बघा. भिंतीवर जड कपाट टांगायचं असेल तर तेही बांधतानाच सांगावं लागतं.

आता मला अशा घरात राहणारा माणूस बघायचा होता. कंत्राटदार आम्हाला कृष्णराजनगरला घेऊन गेला. तासाभराचा रस्ता, शेवटी शेवटी दोन्हीकडे भातशेती, कुठे हिरवी, कुठे नुसती ढेकळं. घरमालक मोहनराव. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, मराठी घरात अजून टिकून आहे.

"एनू तोंदरे इल्ला, अक्का," ते हात हलवत म्हणाले. "कसला त्रास नाही. दोन बेसिगे काढल्या या मनेत. फॅन सुम्ने, उगाच फिरतो."

या घरात दोन उन्हाळे काढले म्हणजे बरंच. घरही खरंच गार होतं. पण माणूस फारच भरभरून बोलत होता. कॉफी पिता पिता मी सहज विचारलं, "हे कंत्राटदार तुमच्या ओळखीचे का?"

"ओळखीचे? माझ्या बायकोचा भाऊच की हो!"

सुहासने कपात तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आईने बरोबर आणलेल्या तुपाचा डबा काढला, दोन वाट्यांत घट्ट रवाळ तूप घातलं. एक वाटी रेखाच्या वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत ठेवली, जिच्यावर उघडा स्लॅब तापतो. दुसरी नव्या खोलीत. पंखे बंद, खिडक्या बंद.

"हे काय?" मी विचारलं.

"तूप कुणाचं मेव्हणं नाही," आई म्हणाली.

चहाच्या वेळेला आम्ही सगळे वाट्या बघायला गेलो. रेखाच्या खोलीतलं तूप पार पाण्यासारखं झालं होतं. नव्या खोलीतलं कडेने जरासं सुटलं होतं, बाकी चमचा उभा राहील असं. मी वाटी हातात घेतली, वाकडी केली, पुन्हा वाकडी केली. काही सांडलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे खरं तेच लिहिते.

आईने त्याच संध्याकाळी आपली पिशवी वर नेली. मी एक तिकीट रद्द केलं.

आता सोलापुरात मे चालू आहे. आईची दुपारची झोप छान होते असं सुहास कळवतो. मी इथल्या एका माणसाला बोलावून स्लॅबवर जाड फोमच्या पाट्या टाकायचं विचारलं. पाट्या, वर जाळी, वर सिमेंट, मग फरशी. तो फारच लवकर हो म्हणाला, म्हणून मी नमुना मागवला आणि त्यावर उभी राहून बघितलं. टिकला.

परवा आईला फोनवर हे सगळं सांगत होते. पाट्यांची जाडी, सांधे कसे भरायचे, पावसाचं पाणी कुठून काढायचं.

"स्वस्त नसेल," आई म्हणाली. "कशाला करतेस?"

"तू नाहीस तर घर खायला उठतं," मी म्हटलं. "म्हणून."

आई म्हणाली, "मग तसं सांग की. थंडीत काय करायचाय थर्माकोल? दिवाळीला येते मी."