ब्रेथवेटबाईंचं ‘खूप’

आमच्या स्केलबेकमध्ये कुणी कुणाची स्तुती करत नाही. लग्नाच्या दिवशी नटलेल्या मुलीकडे बघून बाप म्हणतो, “बरी दिसतेयस,” आणि मुलगी डोळ्याला रुमाल लावते. अशा गावात हेस्टर ब्रेथवेटबाईंनी तेवीस वर्षं मार्मलेडच्या, म्हणजे कडू संत्र्यांच्या सालीसकट मुरांब्याच्या, स्पर्धेचं परीक्षण केलं. त्यातली पहिली वीस वर्षं त्यांच्या कार्डावर कधी दोनाच्या वर शब्द दिसले नाहीत. “पाक कच्चा.” “साल जाड.” आणि पहिल्या नंबराला, “ठीक.”

बाई शाळेत आम्हाला शिवण आणि स्वयंपाक शिकवायच्या, म्हणून अख्खं गाव त्यांना बाईच म्हणतं. मला एकच ॲप्रन त्यांनी चार वेळा उसवायला लावला होता. चौथ्यांदा मी रडायला लागले, तर म्हणाल्या, “रड हवी तेवढी, पण उसव.”

पुढचा घोळ मी घातला, खोटं कशाला बोलू? मी स्पर्धेच्या कमिटीची सेक्रेटरी. एका वर्षी पोस्टातल्या मिसेस टॉडच्या बरणीपुढे बाईंनी एकच शब्द लिहिला, “डिंक.” मिसेस टॉड बरणी काखोटीला मारून तरातरा निघून गेल्या, आणि पुढच्या वर्षी स्पर्धेला जेमतेम अकरा बरण्या आल्या. कमिटीने ठरवलं, यापुढे प्रत्येक कार्डावर उत्साह वाढवणारं एक वाक्य हवंच. आणि हे बाईंना सांगायचं कुणी? अर्थात मी!

“बाई, जरा सढळ हाताने लिहा ना. ‘व्हेरी’ वगैरे घालायचं.”

“व्हेरी?” बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “चांगलं ते चांगलं. त्याला ‘खूप’ लावलं की पाक घट्ट होतो का गं?”

“पाक नाही होत, पण लोकांना बरं वाटतं हो.”

“अस्सं? मग देते बरं वाटायला. पोटभर देते.”

चर्चच्या जुन्या बाजारातून त्यांनी समानार्थी शब्दांचं एक जाडजूड पुस्तक उचलून आणलं. नव्या कार्डांची बातमी मी गावभर केली होतीच. पुढच्या फेब्रुवारीत एकतीस बरण्यांपुढे एकतीस कार्डं लागली, आणि एकाही कार्डावरचं ‘खूप’ दुसऱ्यावर नव्हतं. एक्स्ट्रीमली, अटरली, एक्सीडिंगली, मला तर अर्धे उच्चारताही आले नाहीत. कुणाचं मार्मलेड कमालीचं, कुणाचं बेहद्द, कुणाचं विलक्षण. एक बरणी पाण्यासारखी वाहत होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, “अत्यंत प्रवाही.” सरळसरळ सूड होता तो! पण ज्यांनी जन्मात “बरं आहे”च्या पुढे काही ऐकलं नव्हतं ती माणसं हुरळली हो. बेकरीवालीने तर कार्ड काचेत लावलं. पुढच्या वर्षी अठ्ठेचाळीस बरण्या आल्या. मी खूश, आणि बाईंचा सूड त्यांच्याच अंगाशी.

त्याच वर्षी ऑक्टोबरात आयव्ही निकल्सन गेली. आयव्हीने नऊ वेळा बाईंकडून “ठीक” मिळवलं होतं, आता बोला! तिचा नवरा विल्फ शेतांचे दगडी बांध रचायचा, मुळातच अबोल. दारात येणारा प्रत्येकजण त्याला सांगून जायचा, टेरिबली वाईट वाटलं, अतोनात दुःख झालं, मनापासून, अगदी मनापासून. मीही सांगून आले. तो नुसता “हं” म्हणायचा.

जानेवारीत कडू संत्री आली, तसं त्याने आयव्हीच्या कागदावरचं प्रमाण बघून मार्मलेड केलं. तिच्या हातची चव घरात राहावी, एवढंच त्याला हवं होतं. शेजारीपाजारी त्याने बशीतून चाखायला दिलं. सगळे म्हणाले, “हुबेहूब आयव्हीचं!” मीही म्हणाले. काय बोलणार?

मग कुणाला न सांगता त्याने ती बरणी स्पर्धेत ठेवली. नावाची चिठ्ठी घडी घालून बरणीखाली असते, परीक्षकाला दिसतो फक्त नंबर. एकोणीस नंबरला बक्षीस मिळालं नाही, पण कार्ड मिळालं: “नितांत, निव्वळ, निखालस सुंदर.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्पर्धेला नेलेले चमचे परत करायला बाईंकडे गेले होते, तर विल्फ दार न वाजवता आत आला. हातात ते कार्ड.

“हेस्टर, हे तू लिहिलंस?”

“एकोणीस नंबर तुझा होता होय?”

“कुणाचा का असेना! सगळं गाव म्हणतं, आयव्हीसारखं झालंय. मला पटेना. म्हटलं, गावात एक बाई तरी खरं बोलते. तर तुझ्याकडेही हीच जत्रा! नितांत म्हणे. डोंबल नितांत!”

“विल्फ, अहो, खरंच अगदी—” मी म्हणाले.

“तू गप गं, ग्रेटा!” दोघंही एकदम ओरडले.

बाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांना शरमलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. “चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “राग कमिटीचा, आणि काढत बसले बरण्यांवर. पण आयव्हीसारखं आहे की नाही, ते मी आठवणीवर सांगणार नाही. तिची बरणी असेल तर आण.”

“एकच उरलीय.”

“मग राहू दे, विल्फ.”

तो टोपी पिळत उभा राहिला आणि निघून गेला. मला वाटलं, मिटलं. दहा मिनिटांत दोन बरण्या घेऊन परत आला. आयव्हीची बरणी त्याने स्वतः उघडली. स्वयंपाकघरात वास पसरला, तसा तो खिडकीकडे बघायला लागला.

बाईंनी एक चमचा चाखला, पाणी प्यायल्या, दुसरा चाखला.

“नाही, विल्फ. तिच्यासारखं नाही. साल जाड आहे, आतलं पांढरं राहिलंय, आणि बिया तू टाकून दिल्यास.”

“कागदावर बियांचं काही नाही.”

“ती कशाला लिहील? तिच्या हाताला ठाऊक होतं. बिया फडक्यात बांधून रात्रभर भिजवायच्या. त्यानेच पाक धरतो.”

“म्हणजे नाहीच.”

“नाही.”

विल्फ खुर्चीत बसला आणि रडायला लागला. चार महिन्यांत त्याला रडताना कुणी पाहिलं नव्हतं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडाशी आलेला प्रत्येक शब्द आधीच कुणीतरी त्याला सांगून झाला होता. बाईंनी पाव भाजायला घेतला.

“उघडलीच आहे तर खा आता,” विल्फ म्हणाला. आम्ही तिघांनी भाजलेल्या पावावर आयव्हीच्या मार्मलेडचा जाड थर लावून खाल्ला. शेवटी त्याने बरणी चमच्याने खरवडली.

“संपलं.”

“हो, संपलं,” बाई म्हणाल्या.

मग त्या उठल्या. गरम पाण्याने बरणी धुऊन त्यांनी फडक्यावर पालथी घातली. कोठीतली उरलीसुरली कडू संत्री आणून विल्फपुढे ओतली आणि त्याच्या हातात सुरी दिली.

“साल काप. बारीक.”

विल्फने बाहीने नाक पुसलं. दगड रचून राठ झालेल्या त्या बोटांनी एक पट्टी कापली आणि उजेडात धरली.

“एवढी?”

“नाही.”

त्याने दुसरी कापली. “आता?”

“नाही,” बाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या.