तळघरातल्या डब्या

शहापूरच्या हायवेवरच्या एका गोदामात मी आणि माझी थोरली जाऊ कामाला जातो, डोळखांबहून जीपनं. मी वर चलनं तपासते. जाऊबाई तेव्हा खाली तळघरात पॅकिंगला होत्या. तिथं खिडकी नाही, पण उन्हाळ्यात गार. "माझं नशीब बघ गो," म्हणून मला चिडवायच्या.

परदेशी गिऱ्हाइकानं मालकाला विचारलं, तळघरातला रेडॉन मोजलात का? हा जमिनीतून झिरपणारा वायू. ना रंग, ना वास. कोंदट जागेत साठतो, आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. माणसं बसवायची तर हवा तपासणं मालकाचंच काम. त्यानं हा वायू मोजणाऱ्या प्लास्टिकच्या डब्या मागवल्या. त्या तीन महिने खाली टांगून लॅबला पाठवायच्या. निकाल आला, सगळं ठीक. मालकानं पेढे वाटले.

पेढा खाताखाताच जाऊबाई सुपरवायझरला म्हणाल्या, "सुटलात बाबा. डब्या वरखाली करायचा तरास गेला."

"वरखाली म्हणजे?" मी विचारलं.

"महागाचा माल, चोरीला गेला तर?" तो ऐटीत म्हणाला. "मालकाच्या फेरीपुरत्या खाली टांगायचो. मग वर ऑफिसच्या कपाटात, कुलपात."

माझं डोकंच फिरलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! जाऊबाईंनी मला चिमटा काढला. "गप ऱ्हा गो. तळघर बंद झालं तर मला वर कोन काम देनार?"

मी गप्प राहणारी नव्हे. तडक मालकाकडे गेले. तो म्हणाला, "परत मोजू."

"मोजा की. पण तोवर जाऊबाई तिथंच बसणार? मग तुमची खुर्चीपण खाली न्या."

दुसऱ्या दिवशी पॅकिंगचं टेबल वर आलं. नव्या डब्या या वेळी तीन महिने खालीच राहिल्या, आणि निकाल वाईट आला. वायू मर्यादेच्या बराच वर. मी घाबरले. मालकानं मात्र टाळाटाळ केली नाही. हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, फरशीच्या भेगा बुजवल्या. सगळ्यांना बोलावून पंखा कसा चालतो तेही समजावून सांगितलं.

जाऊबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पंखा लावलात, बरं केलंत. पन गोदाम उघडल्यापासून मी खालीच व्हते. ती हवा माझ्या छातीत गेली, तिचं काय?"

मालक पुन्हा पंख्याचंच सांगू लागला.